सव्वादोन

१४ फेब्रुवारी

चि. टाचणी,

आशीर्वाद शेवटी देते, आधी तक्रार.

त्या मासिकात तुझी मुलाखत वाचली. फोटो बरा आलाय. पांढऱ्या कोटाचं तिसरं काज मात्र उसवलेलं आहे आणि तू अख्ख्या जगासमोर तशीच उभी आहेस. माझी भाची म्हणवून घेतेस, निदान फोटोच्या दिवशी तरी सुई हातात घ्यायची.

आता मजकूर. चार पानं खर्चून तुम्ही मंडळींनी सांगितलंय काय, तर संधिवात नेमका का होतो हे अजून पुरतं कळलेलं नाही. एवढं सांगायला ती सात मजली इमारत कशाला लागते? आमच्या तळमजल्यावरच्या बाईलाही माहीत नाही, आणि ती फुकट सांगते. वर तांब्याचं कडं घाला म्हणते. तुम्ही तेवढंही म्हणत नाही.

आणि ती दहा गुणांची भानगड! रोज सकाळी रुग्णाने आपल्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे 'कल्पना करता येईल तेवढं भयंकर'. ही अक्कल कोणाची? शिवण पदविकेच्या परीक्षेत एकतीस वर्षं मी नमुने तपासले. गुण देणं हे काम आहे बाई, ते शिकावं लागतं. कोणालाही पकडून "द्या गुण" म्हटलं तर काय देणार कपाळ? परवाच दवाखान्यात एकीने माझ्या डोळ्यांदेखत दहापैकी अकरा लिहिले आणि शेजारणीला दाखवून हसली. मी आपली सहज गेले होते, डोळे तपासायला.

एकतीस वर्षांत दहापैकी दहा मी कोणाला दिले नाहीत. नऊ एकदा दिले, त्याचाही पुढे पश्चात्ताप झाला.

वर्ग चालू आहे. यंदा सहा मुली आहेत, पैकी दोघींना सुईचं टोक कुठलं ते कळतं. हल्ली मी तोंडानेच शिकवते, करून दाखवायचं वय राहिलं नाही. अक्षर वाकडं वाटलं तर तो पेनचा दोष.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कोणीच नाही. काय ते लेखी दे.

आशीर्वाद.
तुझी आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्या,

काजाचं केलं. म्हणजे सेफ्टी पिन लावली. आता वाच आणि बस चरफडत.

आम्हाला काहीच कळलेलं नाही असं नाहीये. तुला समजेल असं सांगते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. या प्रकारच्या संधिवातात शरीराची स्वतःची संरक्षक फौज त्या अस्तरालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. अस्तर सुजतं, जाड होतं, मग शेजारचं हाड पोखरायला लागतं. हे सुरू कशाने होतं? थोडं घराण्यातून येतं, थोडं सिगरेटच्या धुरातून. हिरड्यांतल्या आणि आतड्यांतल्या जंतूंवरही संशय आहे. एकच एक कारण अजून हाती लागलेलं नाही, एवढंच मी म्हटलं होतं.

सूज उतरवणारी औषधं आहेत, चांगली आहेत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. काही लोकांची सूज उतरते, तरी दुखणं का राहतं? आमच्यासारख्या काही गटांना असं दिसतंय की त्या अस्तरातल्या पेशीच वेदनेच्या मज्जातंतूंना वाढायचे निरोप धाडतात. म्हणजे सूज वेगळी आणि दुखणं वेगळं, दोन्ही वेगवेगळं मोजायला हवं. सूज डॉक्टर दाबून मोजतात. दुखणं मोजायला रुग्णाशिवाय दुसरं यंत्र नाही. म्हणून ते दहा गुण. हसायचं तेवढं हस.

आणि खरं सांगू? यंत्र भिकार आहे हे मलाही मान्य आहे. सध्या आमच्या चाचणीत नऊ हॉस्पिटलांतले दोनशे दहा लोक आहेत. निम्म्यांना नवीन इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय मिळतंय ते त्यांनाही माहीत नाही, आम्हालाही नाही. एप्रिलपासून मात्र सगळ्यांना खरं औषध. माझ्या टेबलावर नावं येत नाहीत, फक्त नंबर येतात.

त्यात एक सत्तेचाळीस नंबर आहे. साठीच्या पुढची बाई. चौदा सांधे सुजलेले, रक्ताचा रिपोर्ट वाईट, मूठ वळत नाही असं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आणि बाईसाहेबांचे गुण? दोन. दुसऱ्या दिवशी दोन. सलग चौऱ्याऐंशी दिवस दोन, दोन, दोन. एका दिवसाचा फरक नाही. उघड आहे ना, वही धूळ खात पडलेली असते आणि तपासणीच्या आदल्या दिवशी ही बया बसून सगळी पानं एका दमात भरून टाकते. नुसत्या पाट्या टाकायच्या! फुकट इंजेक्शन हवं, पण सकाळी एक आकडा विचार करून लिहायला नको. अशा माणसांची मला किळस येते. खरोखर दुखणारी माणसं बाहेर रांगेत थांबलीत आणि हिने जागा अडवलीय.

अठ्ठावीस मार्चला, ज्यांच्या वह्या भरवशाच्या नाहीत त्यांची यादी मी समितीपुढे ठेवणार आहे. नंबर कटला की औषध बंद. सत्तेचाळीस यादीत पहिली.

तुझी बोटं कशी आहेत? पेनचा दोष मला सांगू नकोस, तुझं अक्षर मी लहानपणापासून बघतेय.

टाचणी


१ मार्च

चि. टाचणी,

सेफ्टी पिन. छान. घराण्याचं नाव काढलंस.

ती सत्तेचाळीस नंबरची बाई खोटारडी आहे हे तू कशावरून ठरवलंस? तिला पाहिलंस? तिच्या घरी गेलीस? सात मजल्यांच्या इमारतीत खुर्चीला पाठ टेकून एका बाईचा निकाल लावलास, आणि वर तुला किळस आली. मलाही येते आहे, पण दुसऱ्या कोणाची तरी.

तपासणाऱ्याची एक पद्धत असते, ती तुमच्या कॉलेजात कोणी शिकवलेली दिसत नाही. गठ्ठ्यातल्या पहिल्या नमुन्याला कधी भरमसाट गुण द्यायचे नाहीत. पुढे काय निघेल कोणाला ठाऊक? पहिल्यालाच आठ देऊन बसलं आणि चाळिसावा त्याच्या दुपटीने सरस निघाला, तर त्याला काय सोळा द्यायचे? म्हणून हात आखडता ठेवायचा, वर जागा ठेवायची. कदाचित त्या बाईला वाटलं असेल, आज दोनच देऊ. सहा महिन्यांनी हात आणखी वाकले तर त्या दिवसासाठी काही शिल्लक हवं. हा तिचा मूर्खपणा म्हण हवं तर. खोटेपणा कसा?

आणि तुमचं ते 'कल्पना करता येईल तेवढं भयंकर'! ज्याची कल्पनाशक्ती मोठी त्याचं दुखणं आपोआप लहान, हे तुमच्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही?

दुसरं असं. तुझ्याकडे नुसते आकडे येतात म्हणालीस. ती बाई ज्यावर लिहिते ते कागद तू स्वतः पाहिलेस का? मी एकाही मुलीला मूळ नमुना हातात घेतल्याशिवाय नापास केलेलं नाही.

बोटं सकाळी जरा आखडतात. वयच आहे.

आशीर्वाद, पण या वेळी नाइलाजाने.
आत्या


९ मार्च

ती. आत्या,

तुला माझा एवढा राग का आला ते कळलं नाही. सत्तेचाळीस तुझी कोण लागते?

मूळ कागद बघायची गरज नसते. हॉस्पिटलात वह्या जमा होतात, तिथली नोंदणीवाली बाई आकडे संगणकात भरते, आकडे माझ्याकडे येतात. दोनशे दहा माणसांच्या वह्या मी उघडत बसले तर पुढच्या जन्मी निकाल लागेल. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मठ्ठ सहकारीही परवा हेच म्हणाला, "मूळ वह्या मागवूया का?" त्याला काय, वेळच वेळ आहे. एक तक्ता करायला त्याला तीन दिवस लागतात.

आणि नमुना हातात घेऊन नापास करण्याबद्दल तू मला सांगू नकोस. बारा वर्षांची असताना तुझ्या वर्गात मी एक काज केलं होतं, आठवतं? दोन दिवस बसले होते. सगळ्या मुलींसमोर तू ते उजेडाकडे धरलंस आणि म्हणालीस, "हे काज नाही, हे उंदराने कुरतडलंय. चार." बाबा म्हणाले, अगं, भाची आहे, पाच दे, पास तरी होईल. तू म्हणालीस, पाचवा गुण कुठल्या टाक्याचा देऊ ते दाखव. त्या दिवसापासून मी सुई धरलेली नाही.

तेव्हा माझ्या हातात गुण असताना मी सढळ व्हावं अशी अपेक्षा तू तरी करू नयेस. यादी तयार आहे.

टाचणी


१५ मार्च

टाचणी,

सत्तेचाळीस मी.

आता बस खाली आणि पुढचं वाच.

गेल्या वर्षी आमच्या इथल्या हॉस्पिटलात त्या तपासणाऱ्या डॉक्टरने हात दाबून पाहिले आणि म्हणाला, आजी, औषध बदलावं लागेल, नाहीतर ही बोटं अशीच राहतील. मला आजी म्हणायची त्याची काय गरज होती? मग त्याने चाचणीचे कागद समोर टाकले. त्यावर तुझ्या संस्थेचं नाव. मी उठून चालले होते. दारापर्यंत गेले, आणि दाराची मूठ फिरवता येईना. तो उठून दार उघडायला आला तेव्हा मी परत जाऊन बसले आणि सही केली. सही करायला पाच मिनिटं लागली.

तुला का नाही सांगितलं? गेली कित्येक वर्षं तुझ्या संशोधनाला मी नावं ठेवत आले. उंदरांची डॉक्टरीण म्हणत आले. मग कोणत्या तोंडाने सांगायचं? कागदावर एक प्रश्न होता, 'आपला कोणी नातेवाईक या अभ्यासात काम करतो का?' मी 'नाही' लिहिलं. तू तिथे काही काम करत असशील असं मला वाटत नव्हतं. खोटं म्हणशील तर एवढं एकच.

वही मी रोज सकाळी भरते. सव्वासहाला, चहाच्या आधी, कारण चहाचं भांडं उचलल्यावर हात जरा सुटतात आणि मग तो गुण खरा राहत नाही. आधी नळ उघडून बघते. मग बरणीचं झाकण. मग सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करते. मग गुण देते. एक सकाळ चुकलेली नाही. आणि तू म्हणतेस पाट्या टाकते.

एकतीस वर्षं काजं शिकवणारी बाई हल्ली बटणं नसलेले कपडे घालते, डोक्यावरून ओढायचे. वर्गात मी हात मांडीखाली घेऊन बसते. मुलींना वाटतं आमची कात्री फार ताठ आहे, हातही हलवत नाही. कात्री हे त्यांनी मला ठेवलेलं नाव, तुमच्या वेळचंच. करून दाखवा म्हणाल्या की ओरडते. ओरडून काज शिकवता येत नाही, हे मला पुरतं कळून चुकलंय. हात गेले तर माझं नुसतं तोंड उरेल, आणि ते कोणाला हवंय?

मला ते औषध हवं आहे. हे एकदा स्पष्ट लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

पण दिलेले गुण मी बदलणार नाही. दोन म्हणजे दोन. आता घाबरून आठ लिहायला लागले तर मग मात्र मी खरीच खोटारडी. कटायचा तर कट नंबर. फक्त कटण्याआधी वही उघड.

आत्या


२१ मार्च

आत्या,

तुझं पत्र कामावर जाताना बसमध्ये उभ्याने वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले.

तुमच्या हॉस्पिटलातून वह्या मागवल्या. एका खोक्यात आल्या. त्यातली सत्तेचाळीस नंबरची काढली आणि जिन्यातच बसून उघडली. पहिल्या पानावर दोनाच्या आकड्याभोवती गोल, आणि शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'पहिलं पान. जपून द्यावे. पुढे जागा हवी.' दुसऱ्या दिवशी दोनाला गोल आणि समासात 'सव्वादोन. नळ उघडला, झाकण नाही.' नंतर 'अडीच. दोरा गेला नाही.' नंतर 'पावणेतीन. काहीच नाही. तरी तीन देण्याइतकं नाही.'

तू पाव-पाव गुण दिलेस, आत्या. काजाला देतेस तसे.

नोंदणीवालीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, संगणकातल्या चौकटीत पूर्ण आकडाच बसतो. पुढचं पाव-अर्धं आम्ही सोडून देतो." दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सगळ्याचे दोन. म्हणून सलग चौऱ्याऐंशी दिवस दोन. आणि बसल्या जागेवरून मी त्यावर अकलेचे तारे तोडत होते.

मग तुझे पाव गुण मी तक्त्यावर मांडले, आणि शेजारी डॉक्टरांनी पंधरा-पंधरा दिवसांनी मोजलेली सूज. आधी सूज वाढते, त्याच्या चार-पाच दिवसांनी तुझा पाव गुण चढतो. एकदा मध्ये सूज उतरली आणि दुखणं उतरलं नाही, तेही तू टिपलंयस, 'सूज कमी दिसते, झाकण तरीही नाही'. दोन वर्षं मी जे शोधतेय ते एका शिवणबाईने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. दोनशे दहांत इतकी काटेकोर वही दुसरी नाही. आठ-नऊ लिहिणाऱ्या ज्या वह्या मी प्रामाणिक समजत होते, त्यातल्या तिघांनी तर एकाच पेनने, एकाच शाईने, महिनाभराची पानं भरलेली आहेत.

मला माझी लाज वाटते. सत्तेचाळीस तू निघालीस म्हणून नाही. तू नसतीस, दुसरी कोणी असती, तर मी तिला कापून मोकळी झाले असते आणि रात्री नीट झोपले असते, याची.

हे सगळं आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं. तुझं 'नाही' लिहिणंही सांगितलं, सांगावंच लागलं. तुझी पत्रंही दाखवली, त्याबद्दल हवं तेवढं ओरड. त्या वाचताना हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नंबराबद्दल बाहेर लिहिलंत ही तुमची चूक. ती मोठी आहे." मग म्हणाल्या, "तुम्ही या अभ्यासातून आजपासून बाजूला व्हा. तुम्ही नसलात की नात्याचा प्रश्न राहत नाही. वहीचं काय ते समिती बघेल." मी विचारलं, त्यांचे दोन म्हणजे बाकीच्यांचे आठ असं लिहू का? त्या म्हणाल्या, "कशाला? गुण किती मोठे आहेत ते कोण विचारतंय? ते खरे चढतात आणि खरे उतरतात का, एवढंच बघायचंय."

माझं दोन वर्षांचं काम आता त्या शेजारच्या टेबलावर गेलंय. मठ्ठ म्हणायचे मी त्याला. काम हातात घेताच त्याने आधी सगळ्या मूळ वह्या मागवल्या. निर्णय माझ्या हातात नाही. तुझा नंबर राहील की जाईल, मला आता कळणारही नाही. तुलाच कळवावं लागेल.

टाचणी


२ एप्रिल

चि. टाचणी,

हॉस्पिटलातून बोलावणं आलं. नंबर राहिला. इंजेक्शनाचा दुसरा टप्पा, सगळ्यांना खरं औषध देण्याचा, परवापासून. त्या डॉक्टरने पुन्हा आजी म्हटलं. मी त्याला म्हटलं, आत्ताच आजी म्हणतोस, मग ऐंशीची झाल्यावर काय म्हणशील?

नोंदणीवाली बाई स्वतः उठून आली आणि म्हणाली, आता चौकटीत पाव-अर्धं लिहिता येतं. चार महिन्यांनी सुचलं. तिला दहापैकी तीन देईन.

तुझं काम गेलं. त्याबद्दल मी काय लिहू? वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तू पत्रं दाखवलीस ते बरोबर केलंस, आणि न दाखवतीस तर मी तुझ्याशी पुन्हा बोलले नसते. मठ्ठाला माझा नमस्कार सांग. एकटाच कामाचा दिसतो तुमच्याकडे.

आत्या


३० जून

चि. टाचणी,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही व्हायची वाट बघत होते. तुमच्यासारखं अर्धवट कळलं की छापायला देणं मला जमत नाही.

सूज उतरली. डॉक्टरांनी चौदाचे तीन सांधे मोजले. दुखणं तेवढं उतरलं नाही, रेंगाळलंय. तू म्हणाली होतीस तेच, दोन्ही वेगवेगळं. तुझ्या अकलेला एवढं श्रेय देते. उजव्या अंगठ्याचं पेर मात्र वाकलं ते वाकलंच. डॉक्टर म्हणाले, हे आता सरळ होणार नाही, उशीर झाला. कोणामुळे, कशामुळे, ते मी विचारलं नाही. बराचसा माझ्याच ताठपणामुळे. आधी चार वर्षं मी कोणालाच हात दाखवला नव्हता.

सोबत कापडाची एक पट्टी आहे. तिच्यावर एक काज आहे. ते मी केलंय, काल, वर्गात, मुलींसमोर. तासभर लागला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला मी बाहेर काढलं.

तू आता त्या अभ्यासात नाहीस, म्हणजे माझे गुण बघायचा तुला अधिकार नाही. पण हा नमुना तुझ्याकडे तपासायला पाठवते आहे. दहापैकी गुण दे. आत्या म्हणून एक पाव जरी जास्त टाकलास तर माझ्या दारात येऊ नकोस. तपासून झाल्यावर पट्टी परत पाठव.

आत्या


८ जुलै

ती. आत्या,

पट्टी खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरली. तुझ्यासारखी.

एकवीस टाके आहेत. पहिले सहा एकसारखे, बारीक, आणि मला लगेच कळलं की ही तू आहेस. सातव्यापासून अंतर फाकत गेलंय. मधले चार टाके सैल आहेत, बोट घातलं तर धागा उचलला जातो. कडा एका जागी कापडाच्या आत गेलीय. उजवं टोक तिरपं.

सकाळपासून तीनदा पाहिलं. मला पाच द्यायचे होते. खूप द्यायचे होते. पाचवा गुण कुठल्या टाक्याचा द्यायचा ते शोधत बसले आणि सापडला नाही.

चार.

हे लिहिताना मी रडतेय, ते गुणांत धरू नकोस. पट्टी सोबत परत पाठवतेय.

टाचणी


१३ जुलै

चि. टाचणी,

चार नाही, सव्वाचार. उजव्या टोकाला सर्वांत शेवटी एक आडवा टाका आहे, तो तू मोजलाच नाहीस. बावीस आहेत. भिंग घेऊन बघ. पट्टी पुन्हा पाठवते आहे. बाकी तपासणी बरी केलीस.

आज सकाळी वहीत पावणेदोन लिहिले. दोनच्या खाली पहिल्यांदाच.

त्या कोटाच्या तिसऱ्या काजाला अजून सेफ्टी पिनच असेल. कोट पाठवून दे.

आत्या